आत्राम आघाडीवर, आत्राम पिछाडीवर

निवडणूक निकालाचं ग्राफिक्स घरच्या घरी कसं करावं: चंद्रपूर-गडचिरोलीतल्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी

तुम्ही बीसीएच्या किंवा जनसंवादाच्या दुसऱ्या वर्षाला आहात. महाविद्यालयाच्या यूट्यूब वाहिनीवर आजवर स्नेहसंमेलन, वृक्षारोपण आणि प्राचार्यांचं पंधरा ऑगस्टचं भाषण एवढंच गेलेलं आहे. टपरीवर कोणीतरी म्हणालं, "यंदाचा निकाल आपणच लाइव्ह दाखवू ना बे," आणि तुम्ही हो म्हणालात. सुचवणाऱ्याचं काम तिथेच संपलं. पुढची मार्गदर्शिका तुमच्यासाठी.

निवडणुकीचा अनुभव असण्याची अट नाही. तो तुम्हाला असणार तरी कुठून? महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत थेट मतदानाने विद्यार्थी प्रतिनिधी निवडणं १९९४च्या विद्यापीठ कायद्याने थांबवलं. २०१६च्या कायद्याने ते कागदावर परत आणलं. २०१९ला मुहूर्त निघाला, तेवढ्यात विधानसभा आडवी आली आणि पाठोपाठ करोना. ग्लासगो विद्यापीठात १९६४पासून विद्यार्थ्यांची दूरचित्रवाणी आहे, आणि ब्रिटनमधल्या अशा वाहिन्यांतली पोरं आपल्याच विद्यार्थी संघाच्या निवडणुकीवर हात बसवतात. तिथे चुकलं तर फार तर खजिनदार रागावतो. तुम्हाला मात्र हात बसवायचा तो थेट लोकसभेवर, आणि इथे एटीकेटी नाही.

आधी हे जमवा

एक बऱ्यापैकी लॅपटॉप. ओबीएस स्टुडिओ, हे फुकट मिळतं. एक ब्राउझर. ऑनलाइन तक्ता, म्हणजे ज्याला सगळे 'शीट' म्हणतात ते. मतमोजणी केंद्राबाहेर उन्हात उभा राहू शकेल असा एक मित्र आणि त्याच्या फोनला रिचार्ज. इन्व्हर्टर. ज्या जिल्ह्यात २९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे तिथे इन्व्हर्टर कशाला, असा प्रश्न बाहेरगावचा माणूस विचारतो. चंद्रपूरचा विचारत नाही.

कूलरचा विचार आत्ताच करा. २०२४च्या लोकसभेचा निकाल ४ जूनला लागला. त्या दिवसांत कूलर बंद केला तर लॅपटॉप दम टाकतो आणि चालू ठेवला तर माइकमध्ये निवेदकाऐवजी कूलरच बोलतो. उपाय एकच: कूलर लॅपटॉपकडे, माइक दुसऱ्या खोलीत. निवेदकाने घाम पुसायचा रुमाल कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर ठेवावा.

शेवटचं आणि सगळ्यात दुर्मीळ साहित्य म्हणजे 'नाही' म्हणू शकणारी एक व्यक्ती. तिचं काम पुढे कळेल.

पायरी १: यंत्र जोडणं

हे ऐकायला अवघड आणि करायला सोपं आहे. महागडी ग्राफिक्स यंत्रणा जे करते त्यातली तुम्हाला लागणारी तिन्ही कामं एक साधं वेबपान करतं: आकडा वाचणं, तो सुबक दाखवणं आणि पुढचा आकडा येईपर्यंत गप्प बसणं. पान पारदर्शक पार्श्वभूमीचं करा, ओबीएसमध्ये 'ब्राउझर सोर्स' म्हणून घाला आणि त्याला सांगा की दर पाच-दहा सेकंदांनी तक्ता वाच. आकडे तक्त्यात टाइप झाले की पडद्यावर येतात. झालं तुमचं सॉफ्टवेअर. त्याला नाव देऊ नका. नाव दिलं की बोधचिन्ह लागतं, बोधचिन्हासाठी समिती लागते, आणि समितीत निकालाची तारीख निघून जाते.

हे घरगुती आहे म्हणून लाजू नका. स्वीडनच्या एसव्हीटी या सार्वजनिक वाहिनीने आपल्या गरजेपुरतं एक ग्राफिक्स सॉफ्टवेअर स्वतःच लिहिलं, कॅस्पर-सीजी त्याचं नाव. ते पुढे सगळ्यांसाठी खुलं केलं आणि आज जगभरचे स्टुडिओ ते वापरतात. तुमचंही वापरतील असं नाही. पण घरी लिहिणं ही गरिबीची खूण नव्हे, एवढं यातून घ्यावं.

पायरी २: नावं (इथे सगळ्यात जास्त वेळ जाईल, जाऊ द्या)

नवशिक्याला वाटतं, अवघड भाग म्हणजे आकडे. तसं नाही. आकडे दहाच आहेत.

आधी यादी मिळवा. ती कुठल्यातरी कचेरीतल्या जुन्या संगणकावर जुन्या फॉन्टात टाइप केलेली असली, तर तुमच्या लॅपटॉपवर उघडताच इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल. चिवडा निवडत बसू नका, नावं युनिकोडमध्ये स्वतः टाइप करा. टाइप केलेली उमेदवारी अर्जाशी ताडून पाहा. 'कीर्तिकुमार'मधली पहिली दीर्घ आणि दुसरी ऱ्हस्व हे तुम्हाला शाळेत शिकवलं होतं, पण तेव्हा समोर कार्यकर्ते नव्हते.

आता अक्षरांची परीक्षा. कुठलंही सॉफ्टवेअर देवनागरीला लायक आहे की नाही हे तपासायला दोन शब्द पुरतात आणि दोन्ही आपल्याच भागातले आहेत: ब्रह्मपुरी आणि वडेट्टीवार. ज्या यंत्राला 'ह्म' आणि 'ट्टी' नीट जोडता आले त्याला पुढे काहीही जोडता येईल. ज्याला आले नाहीत ते 'ब्रह् मपुरी' असं लिहून मतदारसंघाचे दोन तुकडे करेल, आणि मतदारसंघाची फेररचना हे तुमचं काम नव्हे. ब्राउझर या परीक्षेत उत्तीर्ण होतो, वेबपान निवडायचं तेही एक कारण. फॉन्टसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींचे 'मुक्ता' किंवा 'बालू' फुकट उतरवून घ्या.

मात्र एक खोड करू नका: नाव एकेक अक्षर उमटत जाईल अशी टंकलेखनी करामत. इंग्रजीत ती शोभते. मराठीत संगणक ज्याला एकेक अक्षर समजतो ते आपल्या मते अर्धं किंवा पाव असतं. त्यामुळे 'ब्र' येण्याआधी पाय मोडका 'ब्' येतो, 'ह्म'च्या जागी काही क्षण नुसता लंगडा 'ह्' उभा राहतो आणि प्रेक्षक टीव्हीवर थापटी मारतो.

तिसरा धोका नावाच्या पट्टीच्या उंचीचा. पट्ट्यांचे तयार नमुने बनवणाऱ्याने इंग्रजी अक्षरं डोळ्यांपुढे ठेवलेली असतात. त्यांना डोक्यावर अनुस्वार नसतो आणि पायात उकार नसतो. तुम्ही तीच पट्टी वापरली तर वरचं कापलं जातं. मुनगंटीवारांचे मुनगटीवार होतात, भांगडियांचे भागडिया. अनुस्वार पट्टीबाहेर गेला की कार्यकर्ते स्टुडिओच्या आत येतात. पट्टी बोटभर उंच करा.

आणि मग अहेरी.

बहुतेक वाहिन्या जागा वाचवायला फक्त आडनाव लिहितात. पुण्यात चालतं, मुंबईत चालतं. अहेरी विधानसभेत २०१४ला पहिले तिघेही आत्राम होते: अम्ब्रीशराव, धर्मरावबाबा आणि दीपक. २०१९ला पुन्हा तेच तिघे, क्रम बदलून. २०२४ला धर्मरावबाबा, त्यांचे पुतणे अम्ब्रीशराव आणि त्यांची स्वतःची मुलगी भाग्यश्री समोरासमोर. तुमचं सॉफ्टवेअर आडनावावर चालत असेल तर निवेदक म्हणेल, "आत्राम आघाडीवर, आत्राम दुसऱ्या क्रमांकावर, आत्राम तिसऱ्या," आणि हे शंभर टक्के खरं असूनही कोणालाच काही कळणार नाही. अहेरीकडचे लोक घरी 'बाबा' आणि 'राजे' म्हणतात. तुम्ही पडद्यावर तसं म्हणू नका, पण नाव पूर्ण लिहा. चिन्हाच्या भरवशावरही राहू नका. २०२४च्या लोकसभेत 'तुतारी वाजवणारा माणूस' आणि नुसती 'तुतारी' या दोन वेगवेगळ्या चिन्हांनी राज्यात चांगला गोंधळ घातला होता, आणि तुमच्या पट्टीत तो माणूस मुंगीएवढा दिसणार आहे.

पायरी ३: त्रिमितीय विधानभवन

ही पायरी रद्द केली आहे. ज्याने ती सुचवली त्याला टिकर, म्हणजे खालची धावती पट्टी, सांभाळायला द्या.

पायरी ४: माणूस वेगळा, उमेदवारी वेगळी

तक्ता मांडताना नवशिक्या एक ओळ एका माणसाला देतो. त्यात नाव, पक्ष, निकाल. दिसायला नीटनेटकं दिसतं, आणि सहा महिन्यांत बिघडतं.

सुधीर मुनगंटीवार जून २०२४ला चंद्रपूर लोकसभेत २,६०,४०६ मतांनी हरले. नोव्हेंबरमध्ये बल्लारपूर विधानसभेत जिंकले. तुमच्या तक्त्यात त्यांच्यापुढे 'पराभूत' लिहून ठेवलेलं असेल तर दिवाळीनंतर ते विजयी होऊन पराभूत दिसतील. किशोर जोरगेवार २०१९ला चंद्रपुरातून अपक्ष निवडून आले, २०२४ला भाजपचे म्हणून. बाळू धानोरकर २०१४ला वरोऱ्याचे शिवसेना आमदार, २०१९ला काँग्रेसचे खासदार, आणि तेही राज्यात काँग्रेसला मिळालेले एकमेव. प्रतिभा धानोरकर २०१९ला वरोऱ्याच्या आमदार, २०२४ला चंद्रपूरच्या खासदार. अम्ब्रीशराव २०१४ला भाजपकडून, २०२४ला अपक्ष. विजय वडेट्टीवार २००४ला चिमुरातून निवडून आले तेव्हा शिवसेनेचे होते, हे तुमच्या जन्माच्या आसपासचं.

म्हणून दोन तक्ते करा. एकात माणसं, दुसऱ्यात उमेदवाऱ्या: कोण, कुठून, कधी, कोणत्या चिन्हावर, किती मतं. पक्ष हा माणसाचा गुण मानू नका, तो उमेदवारीचा रकाना आहे. राज्यशास्त्राच्या पेपरात हे वाक्य लिहिलं तर गुण कापतील, पण सॉफ्टवेअर असंच चालतं.

याच कारणाने झुकावमापक बनवायच्या फंदात पडू नका. बीबीसीने १९५५च्या निवडणुकीपासून एक लंबक दाखवायला सुरुवात केली: मतं या पक्षाकडून त्या पक्षाकडे किती झुकली ते सांगणारा. दोन पक्ष जागच्या जागी उभे असतील तर लंबक कामाचा. इथे मतदार जागच्या जागी असतो आणि उमेदवार झुकतो, तेव्हा लंबकाने कोणाला मोजायचं?

रंगांचाही प्रश्न येईल. दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी, एक भाजप. भगव्याच्या छटा किती काढणार? छटा संपल्या की रंगाचा नाद सोडा आणि पक्षाचं नाव लिहा. मोठ्या अक्षरांत नाव कसं लिहावं हे शिकायचं असेल तर वडशाला जाऊन झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं बघा. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव लागणारी ती पोस्टरं धावत्या एसटीतून वाचता येतात. कुठलाही परदेशी नमुना यापेक्षा जास्त शिकवत नाही. फक्त पोस्टरवरचं 'तीन अंकी, कौटुंबिक, संगीतमय' हे अहेरीच्या पट्टीवर उचलू नका.

पायरी ५: नकाशा

जिल्ह्याचा नकाशा उतरवून रंगवला की झालं, असं वाटतं. दोन अडचणी.

पहिली: मतदारसंघ म्हणजे जिल्हा नव्हे. चंद्रपूर लोकसभेत राजुरा, चंद्रपूर, बल्लारपूर आणि वरोरा आहेत, आणि वणी व आर्णी हे यवतमाळ जिल्ह्यातले दोन. गडचिरोली-चिमूरमध्ये गडचिरोलीचे आरमोरी, गडचिरोली, अहेरी. चंद्रपूरचे ब्रह्मपुरी आणि चिमूर. आणि गोंदिया जिल्ह्यातला आमगाव. चंद्रपूर जिल्ह्याचा नकाशा रंगवून 'चंद्रपूर लोकसभा' लिहिलंत तर ब्रह्मपुरीचे लोक चुकीच्या खासदाराला निवडताना दिसतील आणि वणीचे लोक कोणालाच नाही.

दुसरी अडचण जंगलाची आहे. अहेरी विधानसभेत अहेरी, एटापल्ली, भामरागड, मुलचेरा, सिरोंचा एवढे तालुके मावतात. नकाशावर ती एवढी पसरते की तिचा रंग बदलला तर अख्खा पडदा बदलतो, आणि चंद्रपूर शहराची जागा मात्र बोटाखाली झाकली जाते. दोघांचा आमदार एकेकच. सागवानाला मतदानाचा हक्क नाही. म्हणून प्रत्येक मतदारसंघाला एकसारखा चौकोन द्या. सहा चौकोन शेजारी शेजारी मांडा. भूगोलाचे सर नाराज होतील. पण मतदानाच्या दिवशी त्यांना इलेक्शन ड्युटी असते, त्यामुळे ते तुमची चाचणी बघायला येणार नाहीत.

सीमारेषा काढणारच असाल तर जिवती तालुक्यात जपून. महाराजगुडा, मुकदमगुडा, परंडोली अशा चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांचा दावा आहे, आणि तिथल्या लोकांची नावं दोन्हीकडच्या मतदार याद्यांत आहेत. २०२४ला चंद्रपूरचं मतदान १९ एप्रिलला झालं आणि तेलंगणाचं १३ मेला. महाराजगुड्यात तर एका घराच्या मधूनच सीमा जाते, निम्म्या खोल्या इकडे, निम्म्या तिकडे. तुमच्या नकाशातली सर्वांत बारीक रेष त्या अख्ख्या गावापेक्षा जाड आहे.

पायरी ६: मतदानाचा दिवस

या दिवशी तुमच्याकडे दाखवायला टक्केवारीशिवाय काही नाही, आणि टक्केवारी उशिरा येते. उशिराचं कारण कोणाचा आळस नव्हे. गडचिरोलीतल्या दुर्गम केंद्रांवर मतदान पथकं आधीच काही दिवस हेलिकॉप्टरने सोडतात, तिथून पुढे पायी. परत येणंही तसंच. कित्येक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. २०२४ला आमगाव, आरमोरी, गडचिरोली आणि अहेरीत मतदान दुपारी तीनला संपलं, ब्रह्मपुरी आणि चिमुरात सहाला. एकाच मतदारसंघाची दोन घड्याळं. तुमच्या पट्टीने 'तीन वाजेपर्यंतची टक्केवारी' दाखवताना काही ठिकाणी तो शेवट आहे आणि काही ठिकाणी मध्य, हे सांगायला हवं. पहिल्या टप्प्यातल्या मतदानाची अंतिम टक्केवारी त्या वर्षी आयोगाने ३० एप्रिलला दिली, म्हणजे अकरा दिवसांनी. शेवटी गडचिरोली-चिमूर सुमारे ७२ टक्क्यांनी राज्यात सगळ्यांच्या पुढे निघालं. तोवर तुमच्या आकड्याशेजारी 'अंदाजे' हा शब्द हवा, आणि तो आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरांत.

मग वाट पाहणं आलं. १९ एप्रिल ते ४ जून हा काळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला देवाने दिलेला आहे. याच काळात कोणीतरी कँटीनमध्ये एक्झिट पोल घेऊ म्हणेल. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६-अ त्याला वाचून दाखवा: शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दोन वर्षांत तर पदवी पूर्ण होते. त्यापेक्षा जुने निकाल तक्त्यात भरा आणि त्यांची मोजणी पुन्हा घडवा. २०१९चा चंद्रपूर लोकसभेचा फरक ४४,७६३, २०२४चा २,६०,४०६. दोन्हीही आकडे एकाच पट्टीत मावले पाहिजेत आणि स्वल्पविराम लाखाच्या जागी पडला पाहिजे. २६०,४०६ असं दिसलं की गावाकडचा माणूस आधी तो आकडा दुरुस्त करतो, मग वाचतो.

पायरी ७: मोजणी

इथे हळू वाचा.

सकाळी आठला टपाली मतं, साडेआठला यंत्रं. टपाली मतांवरून कोणालाही आघाडीवर दाखवू नका. ती आघाडी कर्मचाऱ्यांची आहे, मतदारसंघाची नाही. मोजणीच्या सभागृहात साधारणपणे एका विधानसभा क्षेत्राला १४ टेबलं असतात. चौदा केंद्रांची यंत्रं मोजून झाली की एक फेरी. ३०८ केंद्रं असतील तर २२ फेऱ्या. लोकसभेला अशी सहा क्षेत्रं, आणि सहाही एका वेगाने चालत नाहीत.

आता गंमत अशी की केंद्रांना क्रमांक असतात, ते मतदारसंघाच्या एका टोकापासून सुरू होतात, आणि यंत्रं टेबलावर त्याच क्रमाने येतात. म्हणजे पहिल्या चार-पाच फेऱ्यांत मतदारसंघ बोलत नाही, त्याचा एक कोपरा बोलतो. ज्याचं गाव त्या कोपऱ्यात तो आघाडीवर. मोठ्या वाहिन्या यालाच 'मुसंडी' म्हणतात आणि दहाव्या फेरीत दुसरा कोपरा आला की 'मोठा उलटफेर' म्हणतात. उलटलं काहीच नव्हतं. पेट्यांची रांग पुढे सरकली होती.

म्हणून तुमच्या सॉफ्टवेअरने करायचं खरं काम हे: प्रत्येक आकड्याशेजारी 'किती फेऱ्या झाल्या, किती उरल्या' हे दाखवायचं. उमेदवाराची पट्टी पडद्याच्या पूर्ण रुंदीला ताणू नका. झालेलं मतदान म्हणजे पूर्ण रुंदी, मोजलेली मतं रंगीत, उरलेली कोरी. सकाळी नऊला पडदा जवळजवळ सगळा कोरा दिसेल. दिसू द्या. संचालक म्हणेल हे रिकामं वाटतं. ते रिकामंच आहे. एका आकड्यावर पडदाभर रंग फासणारी ग्राफिक्स बाजारात हवी तेवढी मिळतात. घरी लिहिण्याचा खटाटोप याच कोऱ्या भागासाठी आहे.

कोऱ्या भागाची किंमत राजुऱ्याला विचारा. २०१९ला सुभाष धोटे वामनराव चटपांवर २,५०१ मतांनी निसटले. एका फेरीत आठ-दहा हजार मतं सहज मोजली जातात, म्हणजे आमदारकीचा निकाल पाव फेरीत मावत होता. २०२४ला त्याच राजुऱ्यात धोटे जवळजवळ तेवढ्याच बारीक फरकाने हरले. शेवटच्या फेरीपर्यंत 'विजयी' म्हणण्याची सोय तिथे कोणालाच नव्हती.

आकडे कसे येतील? निवडणूक आयोगाचं संकेतस्थळ आहे, पण निकालाच्या दिवशी सगळा देश त्यावर असतो. सभागृहात मोबाइल नेता येत नाही. माध्यम कक्षात जायला आयोगाचं प्राधिकारपत्र लागतं आणि तुमच्या वाहिनीला ते मिळण्याची शक्यता वृक्षारोपणाच्या व्हिडिओवर अवलंबून आहे. तेव्हा मित्र बाहेर, लाउडस्पीकरखाली. तो ऐकेल, फोनवर सांगेल, तुम्ही टाइप कराल. या साखळीत मराठी अंक हा मोठा शत्रू आहे. ढोलताशाच्या आवाजात एकोणसत्तर आणि एकोणऐंशी, त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर यांत फरक कळत नाही. म्हणून आकडा आकड्याने सांगायचा: सहा, नऊ, पूर्णविराम. आणि ऐकणाऱ्याने तो परत वाचून दाखवायचा, "सहा, नऊ, बरोबर ना जी?"

सॉफ्टवेअरला तीन गोष्टी शिकवा. मतं कधी कमी होत नाहीत. नवा आकडा जुन्यापेक्षा लहान आला तर तो पडद्यावर जाऊ नये. सगळ्या उमेदवारांची आणि नोटाची बेरीज एकूण मतांइतकी हवी. आणि फेरी क्रमांक मागे जात नाही. हे तीन नियम वीस ओळींत लिहून होतात आणि त्यांना तुमच्या सगळ्या झगमगाटापेक्षा जास्त अक्कल आहे.

नोटाला 'इतर'मध्ये ढकलू नका. गडचिरोली-चिमूरमध्ये २०१४ आणि २०१९ या दोन्ही लोकसभांत नोटाला चोवीस हजारांहून जास्त मतं पडली. जंगल तुडवत केंद्रावर जायचं आणि 'यांपैकी कोणीही नाही' दाबून परत यायचं, हे करणारे हजारो लोक 'इतर' नसतात. नोटाला फोटो नाही म्हणून पट्टी विचित्र दिसेल. अपक्षांपैकी निम्म्यांचे फोटो तुम्हाला तरी कुठे मिळाले आहेत?

पायरी ८: 'विजयी' हे बटण

हे बटण त्या 'नाही' म्हणणाऱ्या व्यक्तीच्या ताब्यात द्या. ती मुलगी असेल तर उत्तम, कारण बहुतेक वर्गांत टपरीवर हो म्हणणारे सगळे मुलगे असतात. नियम सोपा: आघाडी उरलेल्या मतांपेक्षा जास्त झाली तरच बोट बटणाकडे, आणि अधिकाऱ्याने जाहीर केलं तरच बटणावर. मधल्या वेळात 'विजयाच्या उंबरठ्यावर' वगैरे लिहायची हौस कोणाला आली तर त्याला कूलरमध्ये पाणी भरायला पाठवा.

संगणकाच्या बाजूने कोणीतरी १९५२चा दाखला देईल. त्या वर्षी अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर युनिव्हॅक नावाच्या यंत्राने थोडीशीच मतं बघून आयझेनहॉवर मोठ्या फरकाने जिंकणार असं सांगितलं. वाहिनीचा विश्वास बसेना, अंदाज दाबून ठेवला, आणि यंत्र बरोबर निघालं. गोष्ट खरी आहे. पण युनिव्हॅककडे आधीच्या निवडणुकांचा अभ्यास आणि गणिती होते, तुमच्याकडे शीट आहे आणि लाउडस्पीकरखाली उभा असलेला मित्र.

विजयी जाहीर झाल्यावर मिरवणूक निघेल, गुलाल उडेल आणि तुमचा मित्र फोन उचलणार नाही. उरलेल्या फेऱ्या तरीही भरा. दुसऱ्या दिवशी लोक 'कोण जिंकलं' विचारत नाहीत, 'आमच्या गावात किती' विचारतात, आणि केंद्रवार आकडे नंतर नमुना २० मध्ये येतात. तेही त्याच तक्त्यात जोडून ठेवा. पुढच्या वर्षीच्या तुकडीला देण्यासारखं तुमच्याकडे तेवढंच असेल; सॉफ्टवेअर तर ते नव्याने लिहिणारच.

जोडपत्र: महापालिका

लोकसभेचं सॉफ्टवेअर महापालिकेला चालेल का, असं विचारतील. चालणार नाही. चंद्रपूर महापालिकेच्या ६६ जागा बहुसदस्यीय प्रभागांतून भरतात. एका प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा, आणि मतदार प्रत्येक जागेसाठी एकेक बटण दाबतो. तुमच्या तक्त्यात 'विजेता' हा रकाना एकवचनी आहे. तो आधी मोडा. 'मतदान' आणि 'मतं' हे वेगळे रकाने करा, नाहीतर टक्केवारी चारशेपर्यंत जाईल आणि आयोगाच्या आधी तुमचे प्राचार्य खुलासा मागतील. चारही जागांवरच्या नोटांची बेरीज करून 'नाराज मतदार' असं लिहू नका. एकाच माणसाने ती चारही वेळा दाबलेली असू शकते.